ॲटली, थॅचर आणि बायडाबाई

दोहाच्या मदिनत खलीफा भागातल्या एका जुन्या व्हिलात आठ मराठी माणसं राहत होती आणि त्या आठ जणांत मिळून एक शेगडी होती. शेगडीला चार बर्नर होते. चारही चालत होते. कोणी कधी कुठल्या बर्नरवर काय ठेवायचं याचा नियम नव्हता. ज्याला भूक लागे तो उठे, उठलेला चहा टाके, आणि चहा टाकणारा खोल्यांत डोकावून "अजून कोण?" असं विचारे. ही व्यवस्था कित्येक वर्षं सुरळीत चालली होती, कारण ती व्यवस्था आहे हे कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

पोपटराव हे त्या घरातले वयानं सगळ्यांत मोठे. माण तालुक्यातले. वेस्ट बेमधल्या एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवायचे. मागच्या साली त्यांची बायको, बायडाबाई, गावाकडे वारली. तेव्हा कंपनीनं त्यांना तातडीची रजा दिली होती. आता वर्षश्राद्धासाठी त्यांनी पुन्हा रजा मागितली, तेव्हा कार्यालयानं कळवलं की एकाच घटनेसाठी दोनदा रजा देण्याची तरतूद नाही. पोपटरावांना ते पटलं. घटना एकच होती.

मग त्यांनी श्राद्ध इथंच करायचं ठरवलं. तिथी शुक्रवारी येत होती, म्हणजे सुट्टी. त्यांच्या मुलीनं, बबीतानं, गावाहून परतणाऱ्या एकाबरोबर हुलग्याचं पीठ पाठवलं होतं, कारण बायडाबाईला शेंगोळी फार आवडायची. एशियन टाउनमधून लसूण आणि गूळ आणून झाला होता. शुक्रवारी सकाळी खीर, वडे, भात आणि शेंगोळी करायची, दुपारी बाराच्या आत गच्चीवर कावळ्याला पान ठेवायचं आणि मग घरातल्या सगळ्यांना जेवायला वाढायचं. याला चार बर्नर आणि एक सकाळ लागणार होती. पोपटरावांचं मागणं एवढंच होतं.

नेमका त्याच शुक्रवारी सकाळी तिथल्या मराठी लोकांच्या मंडळानं वादविवाद ठेवला.

मंडळाच्या घटनेप्रमाणे भारतातलं राजकारण, यजमान देशाचं राजकारण, धर्म, जात, आणि मागच्या स्नेहसंमेलनापासून पुरणात गूळ की साखर, या विषयांवर जाहीर बोलायला मनाई आहे. कोणाचंही मन दुखावणार नाही असा विषय शोधत कार्यकारिणी सरकत सरकत ब्रिटनपर्यंत पोचली. विषय ठरला: 'ॲटली की थॅचर, कोणाचा वारसा मोठा?' दोघेही हयात नाहीत, दोघेही परके, आणि मंडळात दोघांचंही कोणी नातेवाईक नाही. कार्यकारिणीनं एकमेकांचं अभिनंदन केलं.

पोपटरावांनी हा निरोप मोबाइलवर वाचला आणि समोर बसलेल्या चेतनला विचारलं, "ही दोगं भाऊबहीण का?"

चेतन एका बँकेत कारकून होता आणि घरात शिकलेला म्हणून धरला जायचा. "नाही हो काका. दोघं ब्रिटनचे पंतप्रधान. ॲटली आधीचे, थॅचरबाई नंतरच्या."

"मग वारसाचा तंटा कशाचा? एवढी वर्सं वारस लागला न्हाई व्हय?"

पोपटराव नुकतेच त्यातून गेले होते. बायडाबाईच्या नावावर माहेरचा एक तुकडा होता आणि त्याला वारस लावायला तलाठी अजून मुहूर्त शोधत होता. ब्रिटनचा तलाठीही त्यातलाच असावा, असं समजून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

वक्ते म्हणून व्हिलातून दोन नावं गेली होती. एक चेतनचं. दुसरं दिलावरचं. दिलावर रत्नागिरीकडचा, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. या दोघांनी ॲटली आणि थॅचर यांचा त्याआधी आयुष्यात कधी विचार केलेला नव्हता. बाजू मंडळानं चिठ्ठ्या टाकून वाटल्या. दिलावरला ॲटली निघाले, चेतनला थॅचर. पण चिठ्ठीत निघालेलं मतही माणूस दोन दिवस सांभाळतो आणि तिसऱ्या दिवशी ते त्याचं जन्माचं होतं. दिलावर जेवताना सांगू लागला की ॲटलीसाहेबांनी कोळसा, रेल्वे सगळं सरकारचं केलं, गरिबाला फुकट दवाखाना दिला, आणि त्यांच्याच काळात आपल्याला स्वातंत्र्य मिळालं. चेतन सांगू लागला की सरकारचं झालं ते कोणाचंच राहत नाही, म्हणून थॅचरबाईंनी टेलिफोन विकला, गॅस विकला, सरकारी घरं राहणाऱ्यांनाच विकत दिली, आणि देश कामाला लावला.

पहिला प्रश्न दुधाचा निघाला. एका सकाळी फ्रिजमधल्या दुधावर 'चेतन' अशी पट्टी चिकटवलेली होती.

"ही कसली रे पट्टी?" दिलावरनं विचारलं.

"मालकीची. मालकी असली की माणूस जपून वापरतो."

"तुझ्या त्या बाईनं शिक्षणमंत्री असताना शालंतल्या पोरांचं दूध बंद केलान. आता तू आमचं बंद करतोस?"

"सात वर्षांवरच्याच पोरांचं केलं होतं. आणि दिलावरभाई, तुम्ही सात वर्षांच्या वर आहात."

त्याच दुपारी दिलावरनं फ्रिजचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यानं सगळ्या पट्ट्या काढल्या आणि फ्रिजमधलं सर्व काही सर्वांचं असल्याचं जाहीर केलं. त्यात चेतनच्या आईनं पाठवलेलं लिंबाचं लोणचंही होतं. संध्याकाळपर्यंत जनतेनं ते अर्धं संपवलं. चेतननं दुसऱ्या दिवशी मधला कप्पा ताब्यात घेऊन त्याला सायकलचं कुलूप घातलं. मग प्रश्न शेगडीवर आला, कारण तो येणारच होता.

शेगडीच्या मधोमध लाल चिकटपट्टी ओढण्यात आली. डावीकडचे दोन बर्नर सार्वजनिक क्षेत्रात गेले, उजवीकडचे दोन खासगी क्षेत्रात. देखरेखीला बालाजीला नेमलं. बालाजी नांदेडकडचा इलेक्ट्रिशियन. त्याला ॲटलीही माहीत नव्हते आणि थॅचरही, म्हणून तो तटस्थ ठरला.

आठवडाभरात सुधारणांचे परिणाम दिसू लागले. सार्वजनिक बर्नरवर कोणाचं तरी खरकटं पातेलं पाणी घालून ठेवलेलं असायचं. ते सर्वांचं असल्यामुळे कोणी घासत नव्हतं. खासगी बर्नर लखलखीत होते, पण त्यांचा मालक दिवसभर बँकेत असल्यामुळे ते पेटत नव्हते. आठही माणसं कोपऱ्यावरच्या बेकरीतून खबूस रोटी आणून दह्याबरोबर खाऊ लागली. दिलावर म्हणाला, हा खासगीकरणाचा परिणाम. चेतन म्हणाला, हा सरकारीकरणाचा. बालाजी म्हणाला, "मला तर निस्ती भूक लागायलीय," पण तटस्थ माणसाच्या मताची नोंद होत नसते.

अशा वेळी पोपटराव आपलं मागणं घेऊन चेतनकडे गेले.

"चेतन, शुक्रवारी सकाळपुरते तुझे दोन बर्नर दे. बायडाबाईचं वर्षश्राद्ध हाय."

"अवश्य काका. फक्त 'दे' म्हणू नका. फुकट मिळालं की माणूस परावलंबी होतो."

"ती गेलीया. आता आनि कुनावर अवलंबून ऱ्हाईल?"

"तत्त्व म्हणून सांगतोय. काकू स्वतः कशा होत्या? स्वावलंबी वगैरे?"

 बायडाबाई गेल्यापासून लोकांनी पोपटरावांना जेवलात का विचारलं होतं, झोप लागते का विचारलं होतं, रजेचं काय झालं विचारलं होतं. ती कशी होती, हे कोणी विचारलं नव्हतं. ते खाटेवर टेकले आणि सांगू लागले. बायडाबाईच्या कोंबड्या होत्या. अंड्यांचे पैसे ती एका डब्यात ठेवायची. त्या डब्याला खुद्द पोपटरावांनाही हात लावायची सोय नव्हती. "एकदा म्या इडीकाडीला म्हणून उघडला, तर दोन दिस बोलली न्हाई. भाकरी वाढायची, पन बोलायची न्हाई."

चेतनचे डोळे पाणावले. "काका," तो म्हणाला, "ह्या तर थॅचर."

"अन् शेवटाला ती—"

"ते नंतर सांगा. दोन बर्नर तुमचे."

पोपटराव हुरूप येऊन दिलावरकडे गेले. दिलावर म्हणाला, "पोपटराव, माझ्या हातात काय नाय. सार्वजनिक बर्नर सगल्यांचा. ज्याची गरज मोठी त्याचा नंबर आधी. गरज समितीपुढं या." गरज समितीत दिलावर आणि बालाजी होते. समिती जिथल्या तिथं, त्याच खाटेवर भरली.

"वैनी कशी होती?" समितीनं विचारलं. "लोकांना धरून असायची काय?"

पोपटरावांनी सांगितलं, की दुष्काळाच्या साली ती मोठ्या पातेल्यात शेंगोळी करायची आणि सगळ्या आळीला हाका मारायची. जिच्याशी भांडण असेल तिच्याही पोरांना बोलवायची. आधी ती पोरं जेवायची, मग घरातली.

"खलास," दिलावर म्हणाला. "ही ॲटली. लिहून घे बालाजी, दोन बर्नर मंजूर."

"समिती मंजूर म्हनली की झालं बगा काका," बालाजी म्हणाला. "पर शेंगोळी आमालाबी ठिवा."

पोपटरावांचं काम तिथंच व्हायला हवं होतं. पण वक्त्यांना उदाहरण सापडलं होतं. दोघंही पुन्हा पुन्हा येऊ लागले. चेतन विचारायचा, "आळशी माणसांविषयी काकूंचं मत काय होतं?" पोपटराव म्हणायचे, "तिला खपायची न्हाईत." हे खरं होतं. तिचा एक रिकामटेकडा दीर तिनं जन्मभर पोसला, हेही खरं होतं, पण पोपटरावांच्या नजरेसमोर दोन बर्नर यायचे आणि ते गप्प बसायचे. दिराची गोष्ट ते दिलावरला सांगायचे. मात्र त्या दिराला ती प्रत्येक घासाला दोन शब्द ऐकवायची, हे दिलावरला सांगायचं राहून जायचं. असं करता करता एका बाईच्या दोन बाया झाल्या. एक डबा छातीशी धरून बसलेली, दुसरी पातेलं घेऊन दारात उभी. पोपटराव डोळे मिटून पडायचे तेव्हा आपली कुठली होती हे त्यांना लवकर आठवेना. डब्यातल्या पैशांतूनच ती आळीसाठी हुलगे आणायची, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. ते उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात चेतन भाषणाची तालीम करत होता. "माण तालुक्यातली एक सामान्य स्त्री, बायडाबाई," एवढं म्हणेपर्यंत दिलावर दारात आला.

"बायडाबाई माझ्या भाषणात हाय."

"तुमच्या कशी? अंड्यांचा डबा काय सरकारी होता?"

"आनि शेंगोळीचं पातेलं काय शेअर बाजारात होतं? अख्खी आली जेवायची त्यात."

"स्वकष्टाच्या पैशातून जेवू घालायची. दानधर्म वेगळा, सरकार वेगळं."

"तू वैनीला बघितलंस तरी काय रे?"

"तुम्ही बघितलंय?"

बालाजी मध्ये पडला. "ओ, काकूचा नवरा हितं उबा हाय बगा." पोपटराव खरंच उभे होते, हातात हुलग्याच्या पिठाची पिशवी घेऊन. ते म्हणाले, "दोगांचंबी खरं हाय," पण ही भूमिका वादविवादाच्या नियमांत बसत नव्हती.

दोन्ही पक्षांनी पोपटरावांचे दोन-दोन बर्नर स्थगित केले, कारण ते चुकीच्या माहितीवर दिले गेले होते. मग बालाजीनं तटस्थपणे निवाडा दिला. उद्याच्या सभेत जो जिंकेल, त्याचा नियम शेगडीला लागू होईल. तोवर कोणीच पेटवायची नाही. वाद नको म्हणून त्यानं सिलिंडरचा रेग्युलेटर काढून स्वतःच्या खिशात घातला.

"आन् श्राद्ध?" पोपटरावांनी विचारलं.

"निकाल लागला की लगेच," दिलावर म्हणाला. "इन्शाल्ला."

"बाराच्या आत पान ठिवावं लागतंय रं."

"सभा जुम्म्याच्या नमाजाच्या आत संपते, काका," चेतन म्हणाला. "आणि उद्याचा दिवस काकूंचाच आहे. अख्खं सभागृह त्यांच्यावर बोलणार. यापेक्षा मोठं श्राद्ध कुठलं?"

शुक्रवारी सकाळी पोपटराव आंघोळ करून, पांढरा सदरा घालून सभेला गेले. जायचं नव्हतं, पण रेग्युलेटर तिकडेच चालला होता. सभागृह भरलेलं होतं. बायका नटून आल्या होत्या, पोरं इंग्रजीत कंटाळा आला म्हणत होती. चेतननं डबा सांगितला, निम्मं सभागृह हललं. दिलावरनं पातेलं सांगितलं, उरलेलं निम्मं हललं. ॲटली आणि थॅचर यांची नावं पहिल्या पाच मिनिटांनंतर कोणी काढली नाहीत. बोर्डावरचा विषय तेवढा तसाच राहिला.

अध्यक्ष ब्लेझर घालून बसले होते. त्यांना कोणीतरी कानात सांगितलं, की बायडाबाईंचे यजमान इथंच मागच्या रांगेत आहेत. "मग आपण मूळ स्रोताकडेच जाऊ," अध्यक्ष म्हणाले. पोपटरावांना पुढं नेऊन त्यांच्या हातात माइक दिला.

पोपटरावांनी माइककडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

"मला ह्या दोगांतलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "बायडीच्या छातीत दुखाय लागलं. पोरीनं जीप केली, सरकारी दवाखान्यात न्हेली. इमारत नवी हुती. डाक्टर न्हवता."

चेतनच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. पोपटराव थांबले. टाळ्या संपल्यावर म्हणाले, "मग तिथनं खासगीत न्हेली. तिथं डाक्टर हुता. त्यो म्हनला, आदी पैसं भरा, मग हात लावतो."

आता दिलावरच्या बाजूनं टाळ्या पडल्या. या जरा जास्त होत्या, कारण या बाजूला आधीचं उट्टं काढायचं होतं. पोपटराव परत थांबले.

"पोरगी पैशासाठी फोन लावत हुती. तवर ती जीपमधीच गेली. घरातनं निघताना शेंगोळी झाकून ठिवली हुती तिनं. आल्यावर खाऊ म्हनली हुती."

या वाक्यावर टाळी पडली नाही. ते कुठल्याच बाजूच्या कामाचं नव्हतं.

"अत्यंत समतोल साक्ष," असं म्हणून अध्यक्षांनी पोपटरावांचे आभार मानले आणि मतदान पुकारलं. हात वर झाले, मोजले गेले, आणि बरोबरी निघाली. कोणीतरी म्हणालं, काहींनी दोन्ही हात वर केले होते. कोणीतरी म्हणालं, लहान मुलांचे हातही धरले आहेत. अध्यक्ष घटना चाळू लागले.

पोपटराव भिंतीशी उभे होते. बालाजी त्यांच्याजवळ सरकला आणि त्यानं कोणाला न दिसेल असा रेग्युलेटर त्यांच्या हातात दाबला.

"हितला निकाल लागायचा न्हाई काका. जावा तुमी. यल्ला."

व्हिलात कोणी नव्हतं. शेगडीजवळही कोणी नव्हतं. पोपटरावांनी सार्वजनिक पातेलं घासून ठेवलं, रेग्युलेटर बसवला आणि चारही बर्नर पेटवले. दूध आटायला ठेवलं, भात लावला, तेल तापत घातलं. चौथ्यावर लसणाची फोडणी देऊन पाणी उकळायला ठेवलं आणि हुलग्याचं पीठ मळून तळहातांवर शेंगोळी वळू लागले. बायडाबाई वळायची तेव्हा ती बारीक, एकसारखी यायची. त्यांची जाड-बारीक येत होती. गरम झाल्यावर मधली लाल चिकटपट्टी आपोआप सुटली आणि गुंडाळी होऊन खाली पडली.

बाराच्या आत त्यांनी गच्चीवर पान ठेवलं. दोहात कावळे फारसे नसतात. कठड्यावर तीन साळुंक्या येऊन बसल्या आणि पानाकडे पाहू लागल्या. कावळा शिवत नसला, तर गेलेल्याचं काय राहिलं असेल ते बोलून दाखवायचं असतं. पोपटरावांनी चप्पल काढली आणि हात जोडले.

"बायडे," ते म्हणाले, "शेंगोळी झाली बग. तू झाकून ठिवलीवती, ती र्‍हायलीवती. ये. खा आता."

एक साळुंकी खाली उतरली. पोपटरावांनी तिला काही विचारलं नाही.

जुम्म्यानंतर सगळे घरी आले, भुकेले आणि बसलेल्या आवाजांचे. जेवण मांडलेलं होतं. कोणी कोणत्या क्षेत्रातून शिजलं हे विचारलं नाही. दिलावरनं शेंगोळी तीनदा घेतली. चेतननं कुलूप काढून लोणचं आणलं. जेवण अर्ध्यावर आल्यावर तो म्हणाला, "काका, साक्ष फार प्रभावी झाली. सरकारी दवाखान्याचा मुद्दा तर..." आणि दिलावर म्हणाला, "खासगीचा काय कमी होता काय?" पोपटराव दोघांनाही भात वाढत राहिले.

निकाल अजून बरोबरीतच आहे. फेरमोजणीसाठी नेमलेल्या उपसमितीनं असं ठरवलं आहे, की हात वर करताना माणूस विचार करतो, म्हणून ते मत भरवशाचं नाही. टाळी आपोआप पडते, म्हणून तीच खरी. तेव्हा पोपटरावांच्या साक्षीत कोणाची टाळी कुठल्या वाक्यावर पडली, एवढंच आता विचारलं जात आहे. तोवर शेगडी बंद आहे आणि नवी चिकटपट्टी लावली आहे. ज्यांनी ही साक्ष सभागृहात न ऐकता इथं छापील वाचली, त्यांनाही मताधिकार दिलेला आहे. वाचताना तुमची मनातली टाळी सरकारी दवाखान्यावर पडली की खासगीवर, ते कळवावं. जे जीपपाशी थांबले, त्यांची मतं धरता येणार नाहीत. तसा पर्याय ठेवलेला नाही, आणि तशी मागणीही अजून कोणाकडून आलेली नाही.